माशांच्या टाकीत ब्राह्मी आणि रोटालाच्या कांड्या मूळ धरत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. माझी माशांची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असून तिच्यात साधारण 50 लिटर पाणी मावते. तळाला 5-6 मिलिमीटरची खडी दोन इंच जाडीने पसरली आहे आणि दिवा रोज 8 तास चालू असतो. मासे म्हणजे आठ गप्पी आणि चार कोरिडोरास.

गेल्या दोन महिन्यांत ब्राह्मी आणि रोटाला रोटुंडिफोलिया या पाणवनस्पतींच्या जुड्या मी दोनदा लावल्या. पहिल्या खेपेस बुडख्याला गुंडाळलेल्या शिशाच्या पट्टीसकट जुडी खडीत खोचली, तेव्हा आठव्या दिवशी पट्टीखालचा सगळा भाग काळा पडून बोटांत विरघळला. ती चूक ध्यानात आल्यावर दुसऱ्या खेपेस पट्टी काढली, खालच्या दोन पेरांवरची पाने खुडली, पेराच्या किंचित खाली धारदार कात्रीने काप घेतला आणि एकेक कांडी सुटी, थोडे अंतर राखून, चिमट्याने तिरपी रोवली. तरीही निम्म्या कांड्या दोन-तीन दिवसांत वर आल्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच बुडख्याशी मऊ पडल्या. पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची जुनी पाने पाण्यात गळून नवी येतात, हे ठाऊक असल्याने पानगळीची मला चिंता नाही.

मला कोडे पडले आहे ते वेगळेच. ब्राह्मीचा एक तुटका तुकडा फिल्टरमागे अडकून राहिला होता. तो काढून पाहिला, तर त्याच्या जवळजवळ प्रत्येक पेराला पांढरीशुभ्र मुळे फुटली होती आणि त्यांतले सर्वांत लांब मूळ करंगळीएवढे होते. ओढ्याकाठच्या चिखलातही ही वनस्पती जमिनीला टेकेल त्या पेराला मूळ सोडते. मग रोवलेल्या कांडीलाच ते का जमू नये?

म्हणून विचारतो की, कांड्या आधी तरंगत ठेवून मुळे दोन-तीन सेंटिमीटर झाल्यावरच रोवाव्यात का, आणि तसे करताना ती कोवळी मुळे मोडत नाहीत ना? माझा संशय जाड खडीवर आहे, कारण तिच्यात कांडी घट्ट बसत नाही. पण वरून बारीक वाळू टाकली तर ती फटींतून खाली जाईल, आणि सगळी खडी बदलायची तर मासे काही काळ दुसरीकडे हलवावे लागतील. ज्यांनी अशाच जाड खडीत ब्राह्मी रुजवली आहे, त्यांनी ती किती खोल रोवली आणि पहिले काही दिवस कशाने दाबून धरली, हे कृपया सविस्तर सांगावे.