मदत हवी आहे: मोझांबिकच्या तुरीचा करार मार्च २०२६ मध्ये संपतोय, निवेदनात नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यातला. घरची नऊ एकर कोरडवाहू, सोयाबीनमध्ये तूर. गेली चार वर्षं आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची कागदपत्रं मी बघतो. २०२५ च्या दिवाळीनंतरच्या बैठकीत सभासदांनी एकमुखानं ठरवलं, की केंद्राला निवेदन द्यायचं: आफ्रिकेची तूर बंद करा. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो, म्हणून हा धागा.

मला जेवढं कळलंय ते आधी मांडतो. चुकत असेन तर बेधडक सांगा.

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या धसक्यातून जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या मापुतो दौऱ्यात मोझांबिकशी डाळींचा सामंजस्य करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन, मग दरवर्षी पंचवीस हजारांची वाढ, आणि २०२०-२१ ला २ लाख टन. २०२१ मध्ये हाच करार आणखी पाच वर्षं वाढवला, दरवर्षी २ लाख टनांवर. ती मुदत मार्च २०२६ अखेर संपते. मलावीशी ५० हजार टनांचा आणि म्यानमारशी १ लाख टन तुरीचा असाच करार २०२१ मध्ये झाला.

आता ज्या सालाचा राग सभासदांच्या मनात आहे ते साल. २०१५ चे भाव बघून २०१६ च्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला आणि देशात विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात चार हजारालाही कोणी विचारत नव्हतं. माझे वडील एप्रिल २०१७ मध्ये खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरखाली सहा रात्री झोपले. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून माप नाही. सातव्या दिवशी खरेदी बंद झाली आणि ट्रॉली भरलेली परत आली. ती तूर पुढं बाजारात विकली, तिची पट्टी (विक्रीची पावती) मी जपून ठेवली आहे: २७ क्विंटल, भाव ३,६५०.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं तुरीची आयात २ लाख टनांच्या कोट्यावर आणली. पण अधिसूचनेत एक ओळ होती: दोन देशांमधल्या कराराखाली सरकारनं दिलेल्या शब्दाला हे बंधन लागू नाही. म्हणजे बाकीच्यांना दार अर्धं लावलं आणि मोझांबिकसाठी उघडं राहिलं. पुढं मे २०२१ पासून तर सगळीच तूर खुली झाली आणि ती सवलत वर्षावर्षानं वाढत ३१ मार्च २०२६ पर्यंत आली आहे.

इथंच माझा हात थांबला. आयात सगळ्यांनाच खुली असेल, तर २ लाख टनांचा करार असला काय आणि नसला काय? तो मार्चमध्ये संपू दिला तरी माल तसाच येत राहील. मग आम्ही बंद करा म्हणतोय ते नक्की काय?

दुसरी गोष्ट. मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या मिलमध्ये गेलो होतो. मालकांनी कट्टा उघडून मूठभर आफ्रिकन तूर माझ्या हातावर ठेवली. गजरी म्हणतात तिला. दाणा लालसर, आपल्या बीडीएन ७१६ या लाल वाणापेक्षा बारीक, वर धुळीचा पातळ थर. खिशात आमची गोदावरी वाणाची तूर होती, पांढरी, टपोरी. दोन्ही एका तळहातावर ठेवून बघितल्या. ही लाल तूर कुणीतरी आमच्यासारखीच काठीनं बडवून काढली असेल, असं त्या वेळी मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

यंदा, २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत आमच्याकडे सोयाबीन गेलं, तूर सखल रानात जागेवर वाळली. जी उरली ती जानेवारीत बाजारात येईल. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० आहे. तो मिळाला तर वर्ष निघेल, नाहीतर नाही.

तर मदत अशी हवी आहे. करार नेमका कशाचा आहे, खरेदीची हमी की नुसती परवानगी? तिकडचा माल आपल्याकडे कोणत्या महिन्यात उतरतो आणि ती आवक आम्हाला कुठं बघता येईल? आणि मोझांबिकमध्ये कुणी राहतं का, राहिलेलं आहे का? तिथला शेतकरी या करारातून काय कमावतो हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. नुसता राग कागदावर उतरवून उपयोग नाही. नीट मागणी केली तर कुणीतरी वाचेल.

प्रतिसाद: दालमिलवाला

भाऊ, पट्टी जपून ठेवलीत ते फार चांगलं केलंत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खरेदीची हमी सरकारनं दिलेली नाही. सरकार म्हणतं, इतका माल तुमच्याकडून येऊ देऊ, खाजगी व्यापारातून किंवा सरकारी संस्थांमार्फत. खाजगी व्यापारात भाव बाजाराचा. कोटा असताना ही ओळ सोन्यासारखी होती, कारण बाकीच्यांना परवान्यासाठी रांग आणि मोझांबिकच्या मालाला मूळदेशाचा दाखला पुरे. त्या मालाला पाचच बंदरं ठरवली होती: मुंबई, हजिरा, चेन्नई, तुतिकोरिन, कोलकाता. आज, २०२५ मध्ये, आयात खुली आहे म्हणून कराराचा आकडा झोपलेला आहे. पण उद्या सरकारनं पुन्हा कोटा लावला तर तोच आकडा जागा होतो. तुमच्या निवेदनाचा जीव इथं आहे. करार आणि खुली आयात ही दोन वेगळी कुलुपं आहेत, दोन्हीची मुदत ३१ मार्च २०२६. दोन्हीबद्दल वेगवेगळं लिहा.

आवकेचं सांगतो. तिकडं पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात, काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात. नकाला आणि बैरा या बंदरांतून माल निघतो. सौदा झाल्यापासून मिलमध्ये कट्टा येईपर्यंत मी महिना-सव्वा महिना धरतो. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर जोर. त्या वेळी देशी तूर संपत आलेली असते आणि आम्हाला मिल चालवायला माल लागतो, हे मी लपवणार नाही. तीन महिने मिलचे पट्टे बंद ठेवले तर माझ्याकडचे चाळीस हमाल-कामगार कुठं जातील? अडचण कुठं होते, तर माल उशिरा निघतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन तुमच्या सुगीत मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरतो. तेव्हा मिलवाल्याच्या गोदामात आधीच साठा, हातात दोन्ही मालांचे नमुने. भाव कुणाचा पडणार हे सांगायला नको.

२०२३ च्या अखेरीस तसंच झालं. नकालाला व्यापारी कंपन्यांची आपसातली भांडणं कोर्टात गेली, निर्यात अडकली, भारत सरकारला तिथल्या सरकारकडे बोलावं लागलं. त्या वर्षी इकडं पीकच कमी होतं म्हणून कुणाला झळ लागली नाही, भाव हमीभावाच्या खूप वर होते. भरघोस पिकाच्या वर्षी असं झालं असतं तर?

बंदरनिहाय आवक व्यापारी मंडळी रोज बघतात, पण ती सेवा पैसे भरून घ्यावी लागते. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर महिनावार, देशवार आयात फुकट दिसते, जरा उशिरा येते एवढंच. तुरीचा कोड टाकून बघा.

प्रतिसाद: नांपुलाहून

मी मूळचा जालन्याचा. सहा वर्षं उत्तर मोझांबिकमध्ये, धान्याच्या गोदामावर काम करतो. तुमचा तळहाताचा परिच्छेद वाचून लिहायला बसलो.

इथं तुरीला फेजांव बोएर म्हणतात. झांबेझिया आणि नांपुला या प्रांतांत जास्त. गुरुए भागात चहाच्या मळ्यांखालच्या उतारावर मैलोन्‌मैल दिसते. तुम्ही सोयाबीनमध्ये लावता, हे लोक मक्यात लावतात. एक-दीड हेक्टर जमीन, कुदळीची शेती, बैल नाही, खत नाही. मका घरी खायला, तूर विकायला. डाळ करून खायची रीत इथं जवळजवळ नाही. म्हणून भारतानं घेतली नाही तर तिचं करायचं काय, याला इथल्या शेतकऱ्याकडे उत्तर नसतं.

ऑगस्टमध्ये माणसं सायकलच्या मागं कट्टा बांधून वीस-पंचवीस किलोमीटर येतात. झाडाखाली काटा टांगलेला असतो. फिरता खरेदीदार भाव सांगतो, तो घ्यायचा किंवा कट्टा परत न्यायचा. मी तेव्हा इथं नव्हतो, पण २०१७ ची गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते. २०१६ ला भारताचे भाव ऐकून यांनीही मका कमी करून तूर वाढवली होती. ऑगस्टमध्ये, ऐन काढणीत, दिल्लीची बातमी आली आणि काट्यावरचा भाव कोसळला. करारात मोझांबिकला सूट होती हे खरं, पण ती कळेपर्यंत आणि कागद फिरेपर्यंत शेतकऱ्यानं माल मातीमोलानं दिला होता. एका म्हाताऱ्या बाईनं मला सांगितलं, त्या वर्षीची तूर चुलीत घातली. मी तिला म्हणालो, त्याच वर्षी माझ्या मामानं जालन्यात ट्रॉली परत आणली होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर इथं आंदोलनं झाली, रस्ते अडले, ट्रक आठवडेच्या आठवडे उभे राहिले. माल उशिरा का निघतो याची अशी कारणं असतात. इथला शेतकरी तो मुद्दाम उशिरा काढत नाही.

प्रतिसाद: बार्देशकार

तुरीतलं मला कळत नाही, मी म्हापशाचा. पण एक जुना धडा आठवला म्हणून सांगतो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, दोन्हीकडे पोर्तुगीज. आमच्या कित्येक घरांतली एक पिढी तिकडे नोकरीला होती, माझे आजोबाही. ते काजूबद्दल फार बोलायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूत जगात पहिलं होतं. १९७५ ला स्वातंत्र्य, मग लांबलेलं यादवी युद्ध. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहानं कच्च्या काजूवरचा निर्यातकर खाली आणला, कच्चा माल भारतात यायला लागला आणि तिथले कारखाने बंद पडून हजारो कामगार, त्यात पुष्कळ बायका, घरी बसले. व्यवहार दोन सरकारांत आणि व्यापाऱ्यांत झाला. ज्यांच्या हाताला काळा चीक लागत होता त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारताय, म्हणून बरं वाटलं.

आणखी एक. उत्तर मोझांबिकजवळच्या रोवुमाच्या समुद्रातल्या एका वायुक्षेत्रात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, तेते प्रांतात भारतीय कंपनीची कोळशाची खाण आहे. २०१९ ला बैराला इदाई चक्रीवादळानं झोडपलं तेव्हा सगळ्यात आधी पोचलेल्यांत आपली नौदलाची जहाजं होती. दिल्लीच्या लेखी मोझांबिक म्हणजे नुसती तूर नाही. नुसतं बंद करा लिहिलंत तर ते कागद उघडणारसुद्धा नाहीत.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री दालमिलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे महिनावार आकडे काढत बसलो होतो. नांपुलाचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी म्हणाले, चुलीत घातली ते लिही.

निवेदनाचा मसुदा आता असा बदलतोय. बंद करा हे वाक्य काढलं. त्याऐवजी: कराराखालचा आणि बाहेरचा, दोन्ही माल डिसेंबरअखेरपर्यंत उतरावा, आणि जानेवारी ते मार्च देशी तुरीचा भाव हमीभावाखाली असेल तर त्या तीन महिन्यांत आयातीवर शुल्क लागावं. दुसरं, करार वाढवायचा असेल तर पुढच्या हंगामाचं प्रमाण पेरणीआधी जाहीर व्हावं. आपल्याकडे मे महिन्यात, त्यांच्याकडे ऑक्टोबरात. म्हणजे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला बियाणं हातात घेतानाच कळेल. तिसरं, खरेदी केंद्रावरचा बारदाना. तो आमचा आमच्याशी.

पहिल्या मागणीत मला एक खोच दिसते. मोझांबिक अल्पविकसित देश असल्यानं भारताच्या योजनेत त्याच्या मालाला करमाफी आहे. मग तीन महिन्यांचं शुल्क त्यांना लागू करता येईल का, की फक्त जहाज निघण्याची तारीख बांधून घ्यावी? सीमाशुल्काचं काम केलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

नांपुलाकर दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. यंदा झाडाखालच्या काट्यावर काय भाव निघाला, तिथल्या चलनात, मेटिकालमध्ये, सांगितलात तरी चालेल. शुक्रवारी बैठक आहे. तो भाव आणि आमची २०१७ ची पट्टी मी निवेदनाच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी लावणार आहे.