मदत हवी आहे: मॅकवर उघडणारी ‘नऱ्हे’ची फाइल लिनक्सवर सापडत नाही

पुण्यातल्या भागवार पावसाच्या नोंदी वाचणारा पायथन कोड विंडोज आणि मॅकवरून उबुंटू या लिनक्सवर न्यायचा आहे. विंडोजच्या पत्त्यांतल्या उलट्या तिरक्या रेघा पाथलिबने (फाइलींचे पत्ते हाताळणारं पायथनचं मॉड्यूल) सुटल्या. ‘डेटा’ फोल्डरचं नाव कुठे मोठ्या, कुठे लहान इंग्रजी अक्षरांत होतं, तेही एकसारखं केलं. अडलंय ते भागांवरून दिलेल्या फाइलींच्या देवनागरी नावांवर.

‘कात्रज’, ‘औंध’ नीट उघडतात. ‘नऱ्हे’ला मात्र फाइल नाही असं उत्तर येतं. ऱ दोन प्रकारे साठतो: एकच चिन्ह ०९३१ (हा त्याचा युनिकोड क्रमांक), किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब), म्हणजे ०९३० व ०९३सी. मॅकची फाइल साठवण्याची पद्धत, एपीएफएस, नाव शोधताना दोन्ही एकच मानते, पण लिनक्सची ईएक्सटी४ बाइट न् बाइट ताडते. नावं एनएफसीमध्ये (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं रूप) आणली की हे दोन प्रकार जुळतात.

खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची. काहींनी तेच अक्षर र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह, २००डी) असं टाइप केलंय. दिसायला तंतोतंत सारखं, पण एनएफसी त्याला हातही लावत नाही.

आधी एनएफसी आणि मग ०९३०, ०९४डी, २००डी या क्रमाच्या जागी ०९३१, ०९४डी घालणं सुरक्षित आहे का? झेडडब्ल्यूजे सरसकट काढला तर ‘नर्हे’ होईल, ते नको. नावं डिस्कवरच बदलावीत, की शोधताना दोन्ही बाजू सारख्या करून ताडाव्यात? एका फोल्डरमध्ये दोन्ही रूपांच्या वेगळ्या फाइली आहेत. नाव बदलताना एकीवर दुसरी लिहिली जाण्याची भीती वाटते. कुणी हे केलं असेल तर कृपया क्रम सांगा.