प्रति: फ्रिजच्या उष्णतेवर दही

फ्रिजमागच्या उबेत दही लावायचं म्हणताय ते ठीकच, पण आमच्या गोव्यात दह्यासाठी ऊब शोधावी लागतच नाही, उलट उन्हाळ्यात लवकर आंबतं. इथे खरी पीडा पावसातल्या दमटपणाची आहे आणि त्या उबेचा खरा उपयोग मला तिथेच वाटतो.

बघा, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, आणि मिठागरातलं जाडं मीठ तर त्याच्या आधीच, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. आता २७ डिग्रीची ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३३ डिग्रीपर्यंत तापवली तर हवेतलं पाणी तेवढंच राहूनही, गरम हवेत जास्त वाफ मावते म्हणून, आर्द्रता ६४-६५ टक्क्यांवर येते, म्हणजे साधं मीठ तरी कोरडं! म्हणून मिठाची बरणी, मऊ पडलेले पापड, सोलांचा (आमसुलांचा) डबा असलं सगळं त्या उबेजवळच्या फळीवर ठेवायचं, खूप फरक पडतो.

फक्त फ्रिजमागच्या गरम जाळीला काही टेकवू नका हां, हवा अडली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि वीज जास्त जाते, मग फुकटची ऊब कसली. बऱ्याच नवीन फ्रिजना मागे जाळी नसते, बऱ्याचदा बाजूचे पत्रे गरम होतात, तर हात लावून बघा. आणि कोमट लागते म्हणून इन्व्हर्टरच्या ॲसिडवाल्या बॅटरीवर मात्र खायचं काही ठेवू नका, चार्ज होताना ॲसिडचा वाफारा आणि हायड्रोजन सुटतो.