मदत हवी आहे: नोकरी सांभाळून साधना टिकवायची कशी?

विशीत असताना मी आणि मित्र, बीटल्स हा इंग्लिश बँड १९६८ साली ऋषिकेशला ध्यान शिकायला गेला होता त्या गोष्टींनी पार झपाटलेलो, केस वाढवलेले, नोकरी कधी करायचीच नाही असं ठरवलेलं, आणि रात्र रात्र गप्प बसून आकाश बघताना जे आत जाणवायचं ते आजही खरं वाटतं मला. आता वय ४६, रोज दहा-अकरा तास काम, आणि ते जाणवणं महिनोन्‌महिने येत नाही.

करून काय पाहिलं तर विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स केला, पहिले तीन दिवस नुसता श्वास, मग शरीरावरच्या संवेदना, फार उपयोग झाला. पण घरी आल्यावर ते सांगतात तसं सकाळी एक तास संध्याकाळी एक तास जेमतेम तीन आठवडे जमलं. मग २० मिनिटांवर आणलं तर डोक्यात सगळ्या मीटिंगा. ॲप लावलं, त्यातला आवाजच नको वाटला.

गुरू करायचा नाहीये, कर्मकांडही नको, परत १० दिवस रजा या वर्षी मिळणार नाही. पहाटे उठायला सांगू नका प्लीज, शिफ्ट बदलती आहे. डिप्रेशन वगैरे नाही, डॉक्टरांशी बोलून झालंय.

ज्यांनी नोकरी करत वर्षानुवर्षं हे टिकवलंय त्यांनाच विचारतोय, वेळ रोज बदलत असेल तर एकच छोटी बैठक पक्की धरायची, की दिवसभरात पाच-पाच मिनिटं विखरून बसायचं, तुमचं नेमकं कशाने टिकलं?