विंडोज सर्व्हरवर जँगो कसं चढवायचं? गुनिकॉर्न चालतच नाहीये

पायथनवाला_पुणे
मंडळी, जरा मदत हवीये. एका पतसंस्थेसाठी जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) छोटं अ‍ॅप केलंय, कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी ठेवायला, माझ्या उबुंटू लिनक्सवर गुनिकॉर्न, म्हणजे पायथनचं वेब चालवणारा सर्व्हर, लावून मस्त चालतं पण त्यांच्याकडे विंडोज सर्व्हर २०१९ आहे आणि त्यावरच टॅली चालतं त्यामुळे लिनक्सचा विषयच नाही. तिथे गुनिकॉर्न सुरू केलं की एफसीएनटीएल मॉड्यूल सापडत नाही म्हणतं आणि बंद. जँगोच्या टेस्टिंगच्या रनसर्व्हरने पान दिसतं पण रिमोट डेस्कटॉपमधून लॉगऑफ केलं की अ‍ॅप पण गेलं. आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) आधीच टाकलेलं आहे. नेमकं काय लावू? जिथे बघावं तिथे डब्ल्यूफास्टसीजीआय (आयआयएसला पायथन जोडणारं पॅकेज) लिहिलंय.

रात्रपाळी
गुनिकॉर्नचा नाद सोड. ते युनिक्ससाठीच आहे, एफसीएनटीएल विंडोजच्या पायथनमध्ये येतच नाही, कितीही वेळा इन्स्टॉल केलंस तरी तेच होणार. वेट्रेस घे, तेच काम करणारा सर्व्हर आहे, विंडोजवर व्यवस्थित चालतं. आणि रनसर्व्हर लोकांना वापरायला देऊ नकोस रे, पैशांच्या नोंदी आहेत त्यात, जँगोवाल्यांनीच स्पष्ट सांगितलंय की तो प्रॉडक्शनसाठी नाही. मी वेट्रेस एनएसएसएम (प्रोग्रॅमला सर्व्हिस बनवणारं टूल) वापरून विंडोज सर्व्हिस म्हणून लावतो, मशीन रीस्टार्ट झालं तरी आपोआप उठतं.

घाटावरचा
वेट्रेस बरोबर. पण आयआयएस आहेच म्हटल्यावर वेगळी सर्व्हिस कशाला सांभाळायची, आणि एनएसएसएमची सर्व्हिस काही बदललं नाही तर लोकल सिस्टम या सर्वाधिकारी खात्याच्या हक्कांनी चालते, वेब अ‍ॅपला एवढे अधिकार देणं मला पटत नाही. डब्ल्यूफास्टसीजीआय नको, त्याचं काम थांबलंय. मायक्रोसॉफ्टचंच एचटीटीपी प्लॅटफॉर्म हँडलर टाक, ते आयआयएसमधूनच तुझा प्रोग्रॅम सुरू करून त्याच्याकडे रिक्वेस्ट पाठवतं. वेब कॉन्फिग फाइलमध्ये प्रोसेस पाथला तुझ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं (प्रोजेक्टचं वेगळं पायथन फोल्डर) पायथन द्यायचं, अर्ग्युमेंटमध्ये वेट्रेस, आणि पोर्ट आपण ठरवायचा नाही, आयआयएस तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देतं तोच वेट्रेसला द्यायचा. होस्ट १२७.०.०.१ (फक्त तेच मशीन) ठेव, नाहीतर वेट्रेस सगळ्या नेटवर्कवर उघडं राहतं.

आता जिथे सगळे अडकतात ते नीट वाच. पायथनचा इन्स्टॉलर नेहमीच्या पद्धतीने चालवला की पायथन त्या युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये जाऊन बसतं. तू लॉगिन करून टेस्ट करतोस तेव्हा चालतं, पण आयआयएसचा अ‍ॅप्लिकेशन पूल (ज्या प्रोसेसमध्ये तुझी साइट चालते) वेगळ्या ओळखीने चालतो आणि त्याला तुझ्या प्रोफाइलमधलं काही वाचता येत नाही, मग ५०२ एरर येत राहते आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. पायथन काढून ऑल यूजर्स निवडून परत टाक, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाईल, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बनव, जुनं जुन्याच पायथनकडे बोट दाखवतं. मग प्रोजेक्टच्या फोल्डरवर अ‍ॅप पूलला वाचायची आणि चालवायची परवानगी दे. पूलचं नाव टाइप करताना लोकेशनमध्ये डोमेन नाही, तेच मशीन निवड, नाहीतर नाव सापडणारच नाही.

पायथनवाला_पुणे
दादा खूप आभार, पायथन खरंच अ‍ॅपडेटामध्येच होतं! ते केल्यावर ५००.१९ आली, हँडलर्स सेक्शन लॉक आहे म्हणून, ते अ‍ॅपसीएमडी कमांडने अनलॉक केलं आणि लॉगिनचं पान आलं. पण सेटिंग्जमध्ये डीबग फॉल्स केल्यावर सीएसएस सगळं गायब, अ‍ॅडमिन नुसता पांढरा दिसतोय.

रात्रपाळी
डीबग फॉल्स असताना जँगो स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं) देत नाही, ते बरोबरच चाललंय. त्या फाइल्स देणारं व्हाइटनॉइज पॅकेज टाक, मिडलवेअरमध्ये सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली, स्टॅटिक रूट (त्या फाइल्स जिथे गोळा होतील ते फोल्डर) दे आणि त्या गोळा करायला कलेक्टस्टॅटिक चालव. अलाउड होस्ट्समध्ये सर्व्हरचं नाव आणि आयपी दोन्ही घाल, जे लोक आयपी टाकून उघडतील त्यांना नाहीतर ४०० दिसेल.

घाटावरचा
आणि अ‍ॅप पूलचा आयडल टाइमआउट शून्य कर. तो मुळात २० मिनिटं असतो, जेवणाच्या सुट्टीत कोणी काही उघडलं नाही की अ‍ॅप झोपतं आणि परत आल्यावर पहिलं पान उघडायला वेळ घेतं, मग काउंटरवरची माणसं तुलाच फोन करणार. हँडलरचा स्टँडर्ड आउटपुट लॉग पण चालू कर, मुळात बंद असतो. लॉगच्या फोल्डरवर अ‍ॅप पूलला लिहायची परवानगी लागेल. डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर नुसत्या फाइलवर नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर पण दे, लिहिताना तात्पुरती जर्नल फाइल तिथेच बनते.