पिकअपला कॅम्पर ट्रेलर जोडायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. शेतमालाच्या डिझेल पिकअपमागे सामानासह 900 किलोचा कॅम्पर ट्रेलर (आत झोपायची सोय असलेला) ओढायचा आहे. आई-बाबांना घेऊन जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचंय.

हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 90 ते 135 किलो भार यावा, एवढं कळलंय. हूक चॅसीलाच बसवणार, बंपरवर भरवसा नाही. पण मागे स्प्रिंगचा पाटा वाढवू की सस्पेन्शनची, हवा भरायची एअर बॅग घालू? पाटा वाढवला तर रिकामी गाडी फार आदळते, आईची कंबर धरते.

खरी धास्ती उताराची. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. पण ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारे बरे, की इलेक्ट्रिक? बेळगावात उद्यमबागला हे काम नीट करणारं कुणी आहे का? आरटीओचं कसं केलंत, तेही सांगा.