पापडाच्या पिशवीवर लाटणं हवं की नको?

रेषाकार:
एका बचत गटाच्या पापडांसाठी लोगो करतोय. ताईंची मागणी होती: लाटणं, उगवता सूर्य, कमळ, जोडलेले हात आणि वर जाणारा बाण. मी फक्त लाटणं ठेवलं, खाली गटाचं नाव. एक डिझायनर मित्र म्हणतो, तेही काढ, चांगली अक्षरं पुरेत. मला अजिबात पटत नाही. प्रतीक एकच असावं, पण असावंच. स्वच्छ भारतचं २०१४ सालचं बोधचिन्ह बघा, कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. ना गांधीजींचा चेहरा, ना झाडू. नुसता चष्मा, एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’. गांधीजी बघताहेत, हे न सांगता कळतं.

अक्षरवेडी:
तुमच्या मित्राचं बरोबर आहे. चष्मा बोलतो, कारण गांधीजी आधीपासून सगळ्यांच्या मनात आहेत. अर्थ चित्रात नसतो, बाहेरून येऊन बसतो. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ घ्या, १९७१ सालचं, एनआयडी या डिझाइन संस्थेच्या शेखर कामत यांचं. कुणाला त्यात किल्लीचं भोक दिसतं, कुणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव. बँक मात्र सगळ्यांना लांबूनच ओळखू येते. ॲपलच्या चाव्याच्याही किती कथा! तो काढणारे रॉब जॅनॉफ सांगतात की फळ चेरीसारखं दिसू नये म्हणून चावा घेतला. आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण? त्या आकाराचा कुटुंबाशी काय संबंध? भिंतीभिंतींवर दिसला, म्हणून कळला.

ट्रंकेतले_कागद:
अक्षरं पुरेत असं अक्षर वाचता येणाऱ्यालाच वाटतं. माझी आजी निरक्षर होती. कागदांच्या गठ्ठ्यातून एलआयसीची पॉलिसी मात्र ती अचूक काढायची. ‘दिव्याचा कागद’ म्हणायची. दोन तळव्यांच्या आडोशात ज्योत. वाऱ्यापासून दिवा जपताना आपण सगळेच असा हात धरतो, तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९५१-५२ च्या निवडणुकीत उमेदवारांच्या मतपेट्यांवर चिन्हं चिकटवली होती, तीही याचसाठी.

अक्षरवेडी:
आजींचं मान्य, मनापासून. पण अक्षरही चित्र होऊ शकतं. ₹ बघा, २०१०, आयआयटी मुंबईचे उदय कुमार. देवनागरी र, त्यात रोमन आरची ठेवण, वर शिरोरेषा आणि तिच्याखाली आणखी एक आडवी रेघ. त्या रेघांत तिरंगा आहे म्हणतात, मला तो कधी दिसला नाही. मला र दिसतो आणि तेवढ्याने भागतं. शिरोरेषा हाताशी असताना आपण सूर्य आणि कमळं का गोळा करत बसतो? गटाच्या नावाचीच शिरोरेषा लाटणं होऊ दे.

रेषाकार:
शिरोरेषेचं लाटणं! हे सुचलं नव्हतं, आजच काढून बघतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगवायला सरकार होतं. निळं वर्तुळ पन्नास वर्षं शाखाशाखांवर आहे. या बारा बायकांकडे पिशवी आहे आणि आठवडी बाजारातली एक चादर. समोरून जाणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं नाही, तर पुढे कधी कळणार?

ट्रंकेतले_कागद:
पिशवीवर छपाई किती रंगांत?

रेषाकार:
एकाच. लाल. रुंदी दीड इंच.

अक्षरवेडी:
मग लाटण्याच्या मुठी जाड ठेवा. पातळ प्लॅस्टिकवर शाई पसरते, बारीक मूठ भरून जाईल आणि नुसती रेघ उरेल. दीड इंचाची प्रिंट काढून भिंतीवर लावा, दहा पावलं मागे जा, आणि फोटो इथे टाका.